तळटीप

रात्रपाळी उतरून येते तेव्हा
सर्जेकोटच्या धक्क्यावर लिलाव आटपत आलेला असतो.
टोपल्यांत थोडी मांदेली, बाकी बर्फाचं पाणी.
मी आंघोळ करते, पेज जेवते,
आणि तिसऱ्या वर्षाची वही उघडते.
खाऱ्या हवेने पानं फुगलीत.
हृदयाच्या आकृतीतला उजवा कप्पा कसरीने खाल्लाय,
डावा शाबूत.

चौदा वर्षं झाली. हातांना सगळं येतं.
कुठल्या बाळाची शीर मनगटात, कुठल्याची घोट्यापाशी,
फुरसं चावलेल्याचं रक्त काचेच्या नळीत घेऊन
वीस मिनिटं न हलवता कसं ठेवायचं,
हे हात मला न विचारता करतात.
पण प्रवेशाच्या पेपरात हातांना बोलता येत नाही.
तिथे विचारतात, का?
आणि "का"ला आमच्या वॉर्डात कधी खाट मिळाली नाही.

ऊर्वी नववीत आहे. संध्याकाळी ती माझी परीक्षक.
पायरीवर बसून दरडावते,
"पोटॅशियम वाढलं तर ईसीजीत काय दिसतं?"
"टी उंच होते, टोकदार."
"कशासारखी?"
पुस्तक म्हणतं तंबूसारखी.
मी म्हणते, शिडासारखी.
ती अर्धा मार्क कापते.

ग्लासगो स्केल मी नवऱ्यावर घोकते.
पहाटे ट्रॉलरवरून येऊन ओटीवर आडवा झालेला.
हाक मारली, डोळे उघडले. तीन.
"बर्फ इलो काय?" बोलणं गोंधळलेलं. चार.
हात वर करा म्हटलं, केला. सहा.
पंधरापैकी तेरा.
"नापास काय गे?" म्हणतो, आणि कूस बदलतो.

नवं पुस्तक उसनं आहे, गुळगुळीत कागदाचं, जड.
ते माझं पाठांतर एकेक करून खोडतं.
पंधरा दाब, दोन श्वास. नाही, तीसाला दोन.
आधी श्वास, मग छाती. नाही, आधी छाती.
वहीतली अक्षरं निळ्या पेनाची.
रबराने जात नाहीत, कागदच सोलवटतो.

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी
कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटली होती.
हेरंबला वाळूवर आणला. सतरा वर्षांचा.
मी आधी श्वास दिला.
त्याच्या तोंडाला डिझेलची चव होती.
मग छाती. मग श्वास. मग छाती.
चाळीस मिनिटं.
कुणीतरी माझे खांदे धरून मला बाजूला केलं.

पुढच्या वर्षी ओरोसला ट्रेनिंग होतं.
प्लॅस्टिकच्या बाहुलीवर वाकून सर सहज म्हणाले,
आता आधी छाती, श्वासात वेळ घालवू नका.
मग चहा आला, सगळे उठले.
मी ते वाक्य घेऊन घरी आले
आणि नऊ वर्षं कुणाला दाखवलं नाही.

काल पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
"बुडालेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र
सुरुवात श्वासाने करावी."

मात्र.

देवगडपासून शिरोड्यापर्यंत जेवढी माणसं
पाण्यावर पोट भरतात,
ती सगळी त्या एका तळटिपेत दाटीवाटीने बसलेली.

मला रडू आलं नाही. उठून भांडी घासली.
बरोबर केलं होतं, एवढंच.
बरोबर करूनही गेला.
त्याची आई अजून धक्क्यावर
माझ्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकते,
माझ्याकडे न बघता.

"आई, हे परीक्षेला येतं?"
"तळटिपा बहुतेक येत नाहीत."
"मग पाठ कशाला करतेस?"

मी तिला आतून उशी आणायला सांगते.
ओटीवर ठेवते, गुडघे टेकते,
तळव्यावर तळवा.
समोर दिवे लावून दोन होड्या निघाल्यात.

तू मोज, मी म्हणते.
आधी श्वास.