हातचा एक

कुतैसीच्या रेल्वे यार्डामागे ओतियाचं वर्कशॉप.
ट्रकचा कारखाना बुडाला तेव्हा
भंगाराच्या भावाने उचललेला लेथ,
पाटीवर रशियन अक्षरं, तीनशेऐंशी व्होल्ट,
आणि खाली कुणीतरी खिळ्याने कोरलेलं: नाना.
बायकोचं नाव असेल, की मुलीचं.
आम्ही लेथलाच नाना म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी त्याने मला काहीच शिकवलं नाही.
नुसतं म्हणाला, डावा हात खिशात घाल.
मला थट्टा वाटली.
फेब्रुवारी होता, बोटं तशीही गारठलेली.
म्हणाला, वीज दोन हातांची वाट बघते.
एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं,
मधे कुणाचं घर लागतं, तुला ठाऊक आहे.

शाळेत बेरजेला हातचा एक धरायचो,
तसा हा हात.
गणित चुकलं तर
निदान हा उरावा.

रंग खोटं बोलतात, हे दुसऱ्या आठवड्यात कळलं.
हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग, आता पोरंसोरंही सांगतील.
नानाच्या पोटातली हिरवी मात्र मागच्या राज्यातली,
तेव्हा हिरवी म्हणजे जिवंत फेज.
झेंडा बदलला, नोटा बदलल्या, रस्त्यांची नावं बदलली,
त्या तारेला कुणी कळवलं नाही.

टेस्टर आधी चालू सॉकेटवर धरायचा,
मग बंद तारेवर,
मग पुन्हा चालू सॉकेटवर.
टेस्टरच मेलेला असला
तर सगळं जग मेलेलं दिसतं.

आणि वेल्डिंग मशीनचा कपॅसिटर.
मेन पाडला तरी तो मनात धरून बसतो.
त्याला रेझिस्टरचे दोन पाय लाव, साठ मोज,
मग मीटर लाव, मग पुन्हा मोज.
घाई केलीस तर स्क्रूड्रायव्हरचं टोक खातो.
ओतियाकडे तसे तीन स्क्रूड्रायव्हर होते, बोथट, काळे,
खिडकीत मांडलेले, देवासारखे.

तो गुरुवार.
ओतिया पॅनेलमध्ये मनगटापर्यंत.
मेनवर पुठ्ठ्याची पाटी होती, हात लावू नका.
ती वाऱ्याने पडली होती, किंवा सुतळी कुजली होती,
नंतर सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं.
त्याचा मेहुणा ग्वतिसो बाहेरून आला,
किटली लागेना, म्हणून त्याने मेन वर केला.
त्याला चहा हवा होता.
एवढंच.

ओरडणं नाही, ठिणगी नाही.
ओतिया उभाच होता, दात आवळून,
आणि त्याच्या टोपीचा शेंडा
बारीक, फार बारीक थरथरत होता.
जीव मुठीत धरणं म्हणतात,
ते मी त्या दिवशी पाहिलं:
मूठ मिटली की माणसाची राहत नाही,
सोड म्हणून सांगायला कुणी आत उरत नाही.

माझा हात त्याच्या खांद्यापासून वीतभर होता.

मी त्याला धरलं नाही.
हे वाक्य मी नंतर त्याच्या बायकोला तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा ती म्हणाली, बस आता, भाकरी खा.
मी मेनकडे धावले. बारा पावलं.
दहावर घसरले, अकरावं आठवत नाही.

बोटातून शिरली होती, कोपरातून पत्र्यात गेली.
एवढ्या रस्त्यावर मांस शिजलं.
दोन बोटं कापावी लागली.
दवाखान्यात सगळे म्हणत होते,
काळ आला होता पण वेळ आली नव्हती.
मी गप्प बसले.
नर्सने त्याची पँट घडी करून माझ्याकडे दिली होती,
डावा खिसा अजून बाहेर ओढलेला,
हात निघाला तसा,
उलटा.

आता मेनला लोखंडी कुलूप असतं.
जो आत हात घालतो, किल्ली त्याच्याकडेच.
ग्वतिसो चहा पीत नाही, कारण विचारलं तर
पोट बरं नाही म्हणतो, चार वर्षं झाली.
ओतिया दारात स्टुलावर बसतो,
तीन बोटांनी अक्रोड फोडतो
आणि माझं काम बघतो, चूक निघावी म्हणून.

आज नानाची नवी केबल ओढायची आहे.
टेस्टर सॉकेटवर, मग तारेवर, मग सॉकेटवर.
तो दारातून विचारतो, हात?
मी म्हणते, खिशात.
खिशात किल्ली आहे,
आणि तिच्याभोवती मूठ
जी अजून माझं ऐकते.