ऐंशी ग्रॅम

भुसावळ, मे, दुपारचे दोन.
कुल्फीवाल्याचा फ्रीजर बंद,
आणि सुपडू मिस्तरी आधी खिडकी उघडतो.
"गार करायला बोलावलं की भाजायला?"
मिस्तरी नुसतं बोट ठेवतो पत्र्यावर:
पिवळा त्रिकोण, आत जीभ काढलेली ज्योत.

घरच्या सिलिंडरात वास मिसळतात,
गळला तर नाकाला कळावं म्हणून.
ह्याला तेवढाही नाही.
हवेहून जड, फरशीवर उतरतो
आणि मांजरासारखा कपाटाखाली बसून राहतो
एखाद्या बटणाच्या ठिणगीची वाट बघत.

म्हणून सांध्यांवर साबणाचा फेस,
म्हणून सराफासारखा श्वास धरून
काट्यावर मोजलेले ऐंशी.
एक्याऐंशी नाही.
"घाल की थोडा जास्त, ऊन बघ!"
"ऊन ह्या पट्टीवर लिहिलेलं नाही, भो.
ऐंशी लिहिलंय."

मी नवा पोऱ्या.
माझी काडेपेटी त्यानं सकाळीच काढून घेतली, न बोलता.
तेव्हा दिसलं,
त्याच्या डाव्या भुवईला केस नाहीत.

सहाला डब्याच्या कडेला पहिलं पांढरं धरलं.
काडेपेटी परत मिळाली.
एक काडी कमी.
लांब, रस्त्यापलीकडे, निंबाखाली
मिस्तरीची बिडी.