उत्तरेचा रस्ता

चौकट डोक्यावर नाही, खांद्यावर घ्यायची,
हे ब्लोद्वेननं मला पहिल्याच चढावर सांगितलं.
डोक्यावर घेतलीस तर वारा तुला दरीत नेईल,
आणि नवी चौकट करायला सुतार चार शिलिंग मागेल.
मला नवी करायला किती लागतील
ते तिनं सांगितलं नाही.

मी चौदाची. ती साठीच्या जवळपास.
तायवी नदीच्या दोन्ही काठांवरची शेतघरं
ती नात्यातल्या माणसांसारखी सांगायची:
हे लोण्याला हात आखडणारं,
इथे माळ्यावर उंदीर, पण अंथरूण कोरडं,
आणि त्या तिथे, चिमणीतून धूर येतोय ना,
तिथला म्हातारा रात्री जिना चढतो. दाराला खुर्ची लाव.

एका घरी दोन आठवडे,
लग्नाची गोधडी असेल तर तीन.
ती कागदावर काहीच काढायची नाही.
बशी पालथी घालून खडूनं गोल,
मधोमध गोगलगाईचं वेटोळं,
कोपऱ्यांत पानं. कसली, ते विचारायचं नाही.
विचारलं तर म्हणायची, कापडाची.

रंग वाटेत मिळायचे.
चॅपलच्या भिंतीवरचं दगडफूल
ती रविवारी खरवडायची नाही.
सोमवारी उजाडायच्या आत मात्र चमचा घेऊन हजर.
उकळलं की लोकर तपकिरी व्हायची,
ओल्या कोल्ह्याच्या पाठीसारखी,
आणि आठवडाभर आमच्या केसांना मातीचा वास.
अक्रोडाच्या सालींनी तिची नखं कायमची काळी.
मेल्यावर तरी पांढरी होतील, पाद्री हसून म्हणाला होता.
झाली नाहीत. मीच धुतले तिचे हात.

पण मला सांगायचंय ते ब्लाएनवॉनचं.
नोव्हेंबर. मिसेस प्रॉसरची सासू नुकती गेलेली,
तिची गोधडी उसवून नवं कापड चढवायचं होतं.
मी कडेनं टाके काढत गेले.
आत लोकर नव्हती.
आत आणखी एक गोधडी निघाली,
मंजिष्ठाचा लाल रंग, विटून विटेसारखा झालेला.
पूर्वी असंच करायचे, जुनीला नवीच्या पोटात घालायचे.
मी ओढून काढणार, एवढ्यात ब्लोद्वेन म्हणाली, थांब.

तिनं चष्मा पुसला. परत पुसला.
मग माझं बोट धरून शिवणीवरून फिरवलं.
कळतंय? टाके उलटे चाललेत. डावखुरी बाई.
आणि धागा संपतो तिथे गाठ नाही,
तीन टाके मागे.
असं मी एकीलाच करताना पाहिलंय.

तिची आई ती सहा वर्षांची असताना गेली.
खलाशाबरोबर पळाली, असं गाव म्हणायचं.
ब्लोद्वेनही तसंच म्हणायची, वाकडं तोंड न करता,
कुणी हवामान सांगावं तसं.
ब्लाएनवॉन आमच्या गावापासून अकरा मैल.

मिसेस प्रॉसरनं चुलीवरचं भांडं उतरवलं.
हो, सासूबाई सांगायच्या खऱ्या,
कुणी डावखुरी होती, एक हिवाळा राहिली.
खोकायची. पोरींना फुलं काढून द्यायची खडूनं.
बर्फ वितळल्यावर गेली.
जाताना उत्तरेचा रस्ता विचारला.

उत्तरेचा.
आमचं गाव उत्तरेला.
लिव्हरपूलही उत्तरेलाच.

आम्ही ती लाल गोधडी परत आत घातली.
थर जाड झाला, सुई जाईना,
ब्लोद्वेनचे टाके आयुष्यात पहिल्यांदाच मोठे पडले,
इंचाला पाच, कुठे कुठे चार.
माझे असते तर तिनं उसवायला लावले असते.
त्या दिवसाची मजुरी तिनं घेतली नाही.
दुसऱ्या दिवसाची घेतली, मोजून.

निघालो तेव्हा गारा पडत होत्या.
चौकट माझ्या खांद्यावर.
रस्ता फुटतो तिथे ती थांबली.
तिनं उत्तरेकडे पाहिलं, असं मी पुष्कळांना सांगितलंय,
ऐकणाऱ्याला बरं वाटतं.
खरं म्हणजे ती एका पायावर उभी राहून,
माझ्या दंडाला धरून,
बुटातला खडा काढत होती.