शेडफरक

शेटच्या ड्रायव्हरनं गठ्ठ्यांवरून उडी मारून
गालिचा माझ्यापुढं टाकला.
"यमुलबाई, कोपऱ्याला कसर लागलीय.
इराणचा आहे, तिकडच्या भटक्या लोकांचा. जपून."

अठ्ठावीस वर्षं अक्कलकोट रोडला
मी चादरींतल्या चुका शोधते.
तुटला ताणा, सुटला बाणा, तेलाचा डाग,
आणि सगळ्यांत मोठा गुन्हा शेडफरक.
लालात मधेच दुसऱ्या लॉटचं लाल आलं
की खडूची फुली,
माल सेकंडमध्ये.

गालिचा आधी पालथा घातला.
कापड खोटं बोलतं ते सुलट्या बाजूनं,
हे सासऱ्यांनी सांगितलेलं,
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसल्या बसल्या,
आमच्या तेलुगूत.

पाठीवर गाठीच गाठी.
एका ओळीत बोटं थकलेली दिसत होती,
पुढच्या ओळीला दुसरीच कुणी बसलेली,
बहुतेक पोर असावी. ओढ कमी.
एक बोकड तीन पायांचा.
चौथ्याला लोकर पुरली नाही,
की दूध उतू जातंय म्हणून ती उठली
आणि परत आल्यावर विसरली.

मग सुलटा केला.
हातभर वर गेल्यावर लाल बदललं.
डाळिंबाच्या दाण्याचं होतं,
ते एकदम विटेचं झालं,
अगदी सरळ रेघेत,
या काठापासून त्या काठापर्यंत.
"ही फिकी पट्टीपण सारखी करा म्हणालेत शेट.
ब्रशनं रंग मारला तरी चालेल."

काळी लोकर हवी होती कोपऱ्याला,
म्हणून मंगळवार बाजारात रत्नव्वा सणगरकडं गेले.
सांगोल्याकडची बाई, घोंगड्या घेऊन बसते,
हाताला चिंचोक्याच्या खळीचा वास.
तिनं गालिच्यावर ओला तळवा फिरवला,
नाकाशी नेला, आणि हसली.
"मेंढरूच हाय की गं हे."
मी पट्टी दाखवली.
ती बराच वेळ बोललीच नाही,
गिऱ्हाईक हात लावून निघून गेलं तरी.
"हितं बिऱ्हाड हाललं बघ.
खुट्या उपटल्या, माग गुंडाळला, गाढवावर टाकला.
नव्या जागंला पाणी खारं आसंल.
रंग काय करंल बापडा?"

परतताना रिक्षात गालिचा मांडीवर.
कन्ना चौकापर्यंत मी आजोबांचा विचार करत होते,
करीमनगरहून खांद्यावर फणी टाकून आलेल्या.
त्यांनी विणलेलं एकही लुगडं उरलं नाही,
त्यांची रेघ कुठं शोधायची?
माझ्या मराठीत आहे म्हणतात.
दळण टाकताना, भांडताना,
एखाद्या 'ळ'वर रंग बदलतो,
आणि गिरणीवाला विचारतो,
"तुम्ही पूर्व भागातल्या का?"

तीन रात्री लागल्या.
गाठी मी तेलुगूतच मोजते. ओकटी, रेंडू, मूडू.
रत्नव्वाची काळी लोकर उन्हात धरली तर तांबूस निघाली,
म्हणजे कोपऱ्यात माझाही शेडफरक आला.
असू दे.
बोकडाला पाय लावला नाही.
पट्टीला हात लावला नाही.
शेटला सांगितलं, "लोकरीवर ब्रशचा रंग बसत नाही."
बसतो. चांगला बसतो.
सहाशे कबूल केले होते, साडेचारशे दिले.

सोमवारी दुसरी पाळी.
टेबलावर चादर सरकत आली,
मोराच्या मानेपाशी निळं बदललेलं,
बोटभर, सरळ रेघेत.
इथं कुणी गाढवावर माग लादला नव्हता,
डाइंगवाल्यानं डबा बदलला होता, एवढंच.
तरी खडू हातात राहिला.
मुकादम आधी माझ्याकडं बघत होता, मग घड्याळाकडं.

फुली घातली.
जेवणाच्या सुट्टीत सेकंडच्या खिडकीशी जाऊन
विचारून ठेवलं,
ती मोराची कितीला सोडणार.