नेच्याची पूड

जैतापूरला, खाडीच्या अंगाला, आमचं ज्युनियर कॉलेज.
प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक धड चालतो
आणि त्याच्या कपाटाची किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला.
शिकवणाऱ्या मॅडम वेगळ्या. मी काचा धुणारी,
फॉर्मलीनमधल्या बेडकांच्या बरण्या पुसणारी.

अफ्फान, माझ्या भावाचा, वय अकरा,
शाळा सुटली की इथेच येऊन बसतो मोबाइल घेऊन.
त्याच्या खेळात एक अख्खं शहर मेलंय.
भिंतींतून पिवळी भुकटी उडते,
ती ज्याच्या छातीत गेली
त्याच्या कवटीतून अळंबी फुटते,
आणि तो मग दिसेल त्याला चावत सुटतो.
अफ्फान मुखवटा चढवून पुढे जातो, गोळ्या मोजत.
हल्ली तर लाकडाच्या वखारीजवळून जाताना
खराच श्वास कोंडतो, गाल फुगवून,
कारण तिथल्या ओल्या ओंडक्यांना
कान फुटलेत बुरशीचे.

"फुफी, खरंच डोक्यात उगवतं?"
खोटं बोलता आलं असतं.
"मुंगीच्या उगवतं," मी म्हटलं.
"ती झाडावर चढते, पानाची शीर घट्ट चावून धरते,
मग तिच्या मानेतून देठ निघतो."
बराच वेळ गप्प. मग: "मुंगीला कळतं?"
ते मला माहीत नव्हतं. मॅडमच्या पुस्तकातही नव्हतं.

त्या रात्री जेवताना अब्बा कोळेरोगाचं बोलले.
मोरचूद-चुना मारायला पोफळीवर चढणारा मिळेना,
मिळाला तर उघडीप मिळेना.
हिरव्या सुपाऱ्या गळतायत, अंगावर पांढरं लव धरून.
घाबरवणारं संगीत वगैरे काही नाही,
मागच्या पत्र्यावर नुसतं टप्.
बऱ्याच वेळानं पुन्हा, टप्.
अफ्फाननं खेळ मध्येच थांबवला.

पुढच्या आठवड्यात कपाट आवरताना
मागच्या फळीवर एक बाटली निघाली,
बुचाला मेण, चिठ्ठीवर नाटेकर बाईंचं तिरकं अक्षर:
नेचे, धोपेश्वर, विहिरीचा काठ, ऑक्टोबर ८८.
आत चिमूटभर पूड, ओढायच्या तपकिरीसारखी.
मी विटेचा तुकडा उकळून घेतला,
ताटलीत पाणी, वर काचेची बरणी उपडी,
आणि पोस्टकार्डाच्या कडेवरून टिचकीनं पूड सोडली.
अफ्फान दारातच उभा, तोंडाला दवाखान्यातला निळा मास्क.
"इतकी वर्षं बाटलीत? काय करत होतं ते?"
"वाट बघत असेल."
त्याच्या बापाला मस्कतला जाऊन चौथं वर्ष.
बोलून गेले, मग बराच वेळ उगाच काचा पुसल्या.

पाच आठवडे वीट वीटच राहिली.
सहाव्यात हिरवट धूळ,
आणि एका सोमवारी भिंगाखाली
पत्त्यांतले बदाम,
तांदळाच्या कणीएवढे, इतके पातळ की उजेड आरपार,
विटेला बिलगून सतरा.
अफ्फाननं मोजले. पुन्हा मोजले, अठरा.
तिसऱ्यांदा मोजताना भिंगावर सारखी वाफ धरू लागली,
तसा त्यानं मास्क हनुवटीवर ओढला,
आणि नाक जवळजवळ विटेला लावून
श्वास घेतला, सोडला, घेतला.

वखारीजवळून मात्र
अजूनही गाल फुगवूनच जातो.