शेवटची कोळंबी

शुक्रवारी ग्रिम्सबीत सगळं गाव तळलेला मासा खातं,
मी स्टेशनमागच्या थाई हॉटेलात जाते.
तिसऱ्या शुक्रवारीही मी म्हटलं, एक हिरवी करी, एक भात,
तेव्हा प्रानोमनं वही मिटली.
एकटीनं एकच पदार्थ?
याला जेवण नाही म्हणत, पोट भरणं म्हणतात.
आणि तिनं कोपऱ्यातल्या गोल टेबलाकडे बोट केलं.

तिथे दोघं आधीच बसवलेली, एकमेकांना अनोळखी.
विल्फ, जन्मभर ट्रॉलरवर, उजव्या हाताला साडेतीन बोटं.
रासा, लिथुआनियाची, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
अंगातलं जाकीटही न काढलेली.

मेनू आमच्याकडे आलाच नाही.
टेबलासाठी एका माणसानं ठरवायचं असतं, प्रानोम म्हणाली,
आज ती मी.
मग सगळं एकदम आलं, आधीचं-नंतरचं काही नाही:
गवती चहाचं आंबट सूप, लिंबू-लसणातला अख्खा मासा,
पालेभाजी, ऑम्लेट, चिंचेतल्या कोळंब्या.
सगळं मधोमध.
मी कणकवलीची. माझा हात अजून
ताटाच्या डाव्या बाजूला मीठ शोधत होता.

विल्फनं चॉपस्टिक मागितल्या.
त्या नूडल्सना. भाताला चमचा, उजव्या हातात.
काटा डाव्या हातात, नुसता ढकलायला,
तोंडात घालायचा नाही.
काटा म्हणजे झाडू. झाडू चाटतं का कुणी?
सुरी नाहीच;
कापाकापी आत, ओट्यावरच उरकलेली.

पहिला घास नुसत्या भाताचा.
मग मधल्या वाडग्यातून एक चमचा. एकच.
तो संपला की दुसरा, दुसऱ्या वाडग्यातून.
ताटात ढीग रचणारा हावरट दिसतो.
मी वाढलेय आग्रहात,
नको नको म्हणताना पानावर आडवा धरलेला हात,
त्याच्याही फटीतून पडलेला भात.
इथे हात आडवा धरायला कारणच नव्हतं,
म्हणून मी उगाच पाणी प्यायले.

विल्फचा मासा काट्यावरून तीनदा निसटला.
रासानं गालाजवळचा तुकडा सोडवला,
काही न बोलता त्याच्या भातावर ठेवला.
तो बघतच राहिला.
बेचाळीस वर्षं मासे काढले, म्हणाला,
गाल कधी कुणी दिला नव्हता.
रासानं जाकीट काढलं.

प्रानोम पाणी भरायला आली. आमच्याकडे, ती म्हणाली,
कशी आहेस असं नाही विचारत,
भात खाल्लास का, विचारतात.
आमच्याकडेही, मी म्हटलं.
रोज रात्री फोनवर आई तेच विचारते,
आणि मी बेसिनपाशी उभी, हातात गार टोस्ट,
हो म्हणते.

शेवटी बशीत एक कोळंबी उरली.
तिघांनी ती पाहिली, तिघांनी नजर वळवली.
चमचे थांबले.
शेवटचा घास घेणाऱ्याला देखणा नवरा मिळतो,
प्रानोम आतून ओरडली.
मला चालेल, विल्फ म्हणाला,
पण हात पुढे केला नाही.

खिशात फोन थरथरला.
तिकडे मध्यरात्र उलटलेली.
जेवलीस का गो?
अजून जेवतेय, मी म्हटलं.
इतका वेळ?
हो, मी म्हटलं, तिघं आहोत ना,
आणि बशी
इंचभर विल्फकडे सरकवली.