ळ

नगरपालिकेच्या माळ्यावर, कसरीने खाल्लेल्या इतिवृत्तांत
तुझी सही सापडली, कोरमॅक हॅनरॅटी.
गावाने हे नाव कधी धड घेतलंच नाही.
हॅनरॅटीचं हणरत्ती, हणरत्तीचं हणमंत,
मग हणमंतसायब, मरेपर्यंत.

तू आलास मिठाच्या खात्यात.
खाकी टोपी, उन्हाने सोललेले कान.
माझा बाप, पालिकेचा बत्तीवाला, सांगायचा:
शिरोड्याच्या आगरावर डोकी फुटली त्या दिवशी
तुला नावं लिहायला बसवलं होतं.
तू पानभर नावं लिहिलीस. सगळी तुझ्याच गावची.
आयर्लंडातले चुलते, मावश्या, एक पाद्री,
एक घोडासुद्धा.
मग टोपी मिठात ठेवलीस
आणि चालत आलास वेंगुर्ल्यापर्यंत.
(बाप वाढवून सांगायचा. घोडा त्याचाच असावा.)

चार वर्षं काजूच्या वखारीत हिशेब,
आणि मग मांडवी वॉर्डातून अर्ज.
वचन एकच: खाडीकाठी गोड्या पाण्याचा नळ.
पण तो शब्दच तुझ्या तोंडात बसेना.
"मी नल देणार," तू म्हणायचास.
"आनि दमयंती खंय?" पोरं ओरडायची.
बाबलशेट नार्वेकर भर सभेत म्हणाला,
ज्याला नळ म्हणता येत नाही
त्याच्या नळाला पाणी कुठून येणार?
अकरा मतांनी पडलास.

येसू केळुसकरीण बांगडे विकायची.
तिला मत नव्हतं,
घरपट्टी लागावी एवढं घरच नव्हतं.
त्या पावसाळ्यात, बंदर बंद, होड्या झावळ्यांखाली,
तिने तुला देवळाबाहेरच्या पायरीवर बसवलं.
"जीभ मागे घी. टाळूक लाव. आता सोड."
गाळ. जाळं. होळी. खळं.
"केळुसकर म्हण. नाय तर माका हाक मारू नको."
दीड महिना तू तिला हाकच मारली नाहीस.
नारळी पौर्णिमेला मात्र धक्क्यावरून
असा काही ओरडलास तिचं आडनाव
की पूजा सांगणारा भट मंत्र विसरला.

दुसऱ्या खेपेला निवडून आलास, तिसऱ्या खेपेला अध्यक्ष.
नळ आला. सव्वा इंची, दिवसाला दीड तास.
धक्क्याला सात पायऱ्या: मंजूर.
बाजारात मासे विकणाऱ्या बायकांसाठी शौचकूप: नामंजूर.
फिरून मांडलंस. नामंजूर.
पाच वेळा तोच ठराव, खाली तुझीच सही,
पाचव्या वेळी टाकाने कागद फाटलेला.

सत्तेचाळीस साली झेंडा कोणी चढवायचा
यावर रात्रभर खल झाला.
अध्यक्ष तू. कातडी ही अशी.
सकाळी तू दोरी बापाच्या हातात दिलीस.
"शिडीची सवय तुला," म्हणालास,
आणि खाली मान वर करून
गाठ सुटते की नाही, एवढंच बघत राहिलास.

पुढच्या निवडणुकीत पडलास.
बाबलशेटच्या पोराने पाडलं. हारही तूच घातलास त्याला,
आणि दुसऱ्या दिवशी गटाराची तक्रार घेऊन
त्याच्याच दारात.

मग एकदा कचेरीतून नागरिकत्वाचा कागद आला.
बापाने वाचून दाखवला. रकाना तिसरा.
"जन्मस्थळ," तू म्हणालास,
ळ अगदी स्वच्छ, येसूसारखा,
आणि रकाना कोरा ठेवलास.
"सायबा, तू खंयचो ता लिव मरे."
तू घड्याळ बघितलंस.
पाणी यायची वेळ झाली होती.

शेवटच्या वहीत, तू सभासदही नसताना,
समासात तुझ्या अक्षरात दोनच शब्द:
नळ गळतोय.
दोन्ही ळ जाड, ओढून घट्ट केलेले,
जाळ्याच्या गाठीसारखे.

काल मांडवीला जाऊन आलो.
नळ आता तिसरा बसवलाय, पितळी.
तोही गळतो.